वादळ येऊन गेलेल्या बेटावर डायव्हिंगला जावं का?

मागच्या अंकात कॅरिबियनमधल्या डायव्हिंगबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांनी २०२४ च्या बेरिल वादळाने झोडपलेल्या, ग्रेनाडा देशातल्या कॅरियाकू या छोट्या बेटाबद्दल विचारलंय, त्यामुळे या वेळचं सदर जवळजवळ त्या एका बेटालाच दिलंय.

प्रश्न : ताई, आमची मुलगी ग्रेनाडाला सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीत मेडिकलला आहे. फेब्रुवारीत आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत आणि तिथून चार दिवस कॅरियाकूला डायव्हिंग करायचा विचार आहे, दोघांचाही ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला सर्टिफिकेट) कोर्स अंदमानात झालाय. पण घरात वाद सुरू झालाय. माझे सासरे म्हणतात, लोकांच्या घरावर छप्पर नाही आणि तुम्ही तिथे मासे बघायला जाणार, हे शोभतं का? खरं सांगायचं तर मलाही रात्री झोपताना तेच वाटत राहतं. तुम्हीच सांगा. (कोथरूड, पुणे)

जा. पण सासऱ्यांना वेड्यात काढू नका, त्यांनी विचारलंय तेच आधी विचारायला हवं.

आधी बेटाचं सांगते म्हणजे बाकीच्या वाचकांनाही कळेल. कॅरियाकू म्हणजे जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं बेट, नऊ-दहा हजार वस्ती, हिल्सबरो हे मुख्य गाव. १ जुलै २०२४ ला बेरिल नावाचं हरिकेन थेट या बेटावरूनच गेलं, कॅटेगरी ४ चं (सगळ्यात वरची ५), वाऱ्याचा वेग ताशी २२० किलोमीटरच्या वर. ग्रेनाडाचे पंतप्रधान डिकन मिचेल तेव्हा म्हणाले होते की अर्ध्या तासात कॅरियाकू सपाट झालं. बेटावरच्या जवळजवळ सगळ्या इमारतींना फटका बसला, हॉस्पिटलसुद्धा सुटलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल विभागाचे प्रमुख सायमन स्टील हे मूळचे याच बेटाचे, शेजाऱ्यांच्या मोडक्या घरात उभं राहून ते जगाशी बोलले होते आणि त्याच रस्त्यावरचं त्यांच्या आजीचं घरही गेलं होतं. काही तासांतच हे वादळ कॅटेगरी ५ झालं, अटलांटिकमध्ये नोंदी ठेवायला लागल्यापासून वर्षात इतक्या लवकर कॅटेगरी ५ कधीच झालेलं नव्हतं. ग्रेनाडाकडे वादळं फारशी येत नाहीत असं खूप वर्षं म्हणायचे, पण १९५५ चं जॅनेट, २००४ चं आयव्हन आणि आता बेरिल, त्यामुळे त्या बोलण्यात काही अर्थ नाही.

आता माझं मत का तयार झालं ते सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनजवळ माझ्या मावशीची सुपारीची वाडी होती, होती म्हणजे आजही आहे पण तेव्हाची एकही पोफळ आज उभी नाही. पहिल्या पंधरा दिवसांत तिच्याकडे दोन प्रकारची माणसं आली. एक ताडपत्री, पत्रे, मेणबत्त्या घेऊन आलेली, आणि दुसरी गाडीतून उतरून पडलेल्या वाडीचा व्हिडिओ काढून निघून गेलेली. मावशी त्यांच्याबद्दल वाईट कधी बोलली नाही, फक्त म्हणायची की त्यांनी पाणी सुद्धा मागितलं नाही गं, मागितलं असतं तर दिलं असतं. पुढे दिवाळीनंतर लॉकडाऊन सैल झाला आणि मुंबई-पुण्याची मंडळी परत यायला लागली, तिने उरलेल्या दोन खोल्या साफ केल्या, अंगणात चूल मांडली आणि जेवण द्यायला सुरुवात केली, आणि तिच्या घरात वादळानंतरचा पहिला स्वतः कमावलेला पैसा आला तो त्या ताटांमधून. सरकारी मदत मिळाली ती तिने घेतलीच, पण ताटांच्या पैशांचं मोल तिला वेगळं होतं. नवीन पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात, तोपर्यंत माणसाने काय खायचं?

ग्रेनाडात हेच जायफळाचं झालं. त्या देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे, एवढा तो तिथला जीव की प्राण, आणि २००४ मध्ये आयव्हनने बहुतेक झाडं आडवी केली. जायफळाचं झाड भरपूर फळायला वर्षानुवर्षं लागतात, कोकणात ज्यांच्या वाडीत आहे त्यांना हे सांगायला नको. अशा वेळी घरात रोजचा पैसा येतो तो मासेमारीतून आणि येणाऱ्या पाहुण्यांकडून. कॅरियाकूत तर मासेमारांच्या बोटीही फुटल्या. विंडवर्ड गावात आजही हाताने लाकडी बोटी बांधतात, ती कला २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, आणि पुढच्याच वर्षी हे वादळ.

तेव्हा जायचं की नाही यापेक्षा तिथे कसं वागायचं याचा विचार जास्त करा. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती म्हणजे पाणी. कॅरियाकूवर नदी नाही, बारमाही ओढा नाही. लोक छपरावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळीतून घराखालच्या टाकीत घेतात आणि तेच वर्षभर पुरवतात. म्हणजे ज्याचं छप्पर उडालं त्याचं नुसतं डोक्यावरचं गेलं नाही, घरातलं पाणीही गेलं. आणि फेब्रुवारी हा तिथला कोरडा महिना. आता डायव्हर माणूस काय करतो? प्रत्येक डाइव्हनंतर रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते), बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट), वेटसूट (अंगावरचा रबरी सूट) सगळं गोड्या पाण्यात बुडवून काढतो आणि मग स्वतः वीस मिनिटं शॉवरखाली उभा राहतो. चार दिवस हे करू नका. सेंटरवर एकच टब असेल तर त्यातच सगळ्यांचं सामान विसळा, अंघोळ बादलीने करा, वेटसूट नीट धुवायचा तो मुलीच्या फ्लॅटवर येऊन धुवा. लातूर-बीडकडचा कुणी हे वाचत असेल तर त्याला यात काही वेगळं वाटणारच नाही.

दुसरं, बुकिंग करायच्या आधी फोन करा आणि सरळ विचारा की आत्ता पाहुणे आलेले तुम्हाला चालतील का, वीज आहे का, पाणी किती आहे, कोणते डाइव्ह साइट उघडे आहेत. नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. हो म्हणाले तर पैसे शक्यतो थेट बेटावरच्याच माणसाच्या हातात जातील असं बघा, म्हणजे तिथलंच गेस्टहाऊस, तिथलीच बोट, तिथलीच खानावळ. तिथे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो, एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर कित्येक वर्षं बांधलेला आहे, सुटे पैसे जवळ ठेवा. जेवायला लायनफिश मिळाला तर जरूर खा, तो आपल्या बाजूच्या समुद्रातला मासा, तिकडे कुणीतरी सोडला आणि आता तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो, त्यामुळे तो जेवढा खाल्ला जाईल तेवढं बरंच. आणि पडलेल्या घरांचे फोटो नको. तुम्ही काढणार नाही हे पत्रावरून कळतंच, पण मुलीचे मित्र-मैत्रिणी बरोबर आले तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, पाहुणे म्हणून जातोय आणि पाणी मागणार आहोत.

प्रश्न : एवढा खर्च करून गेलो आणि खाली सगळं मोडलेलं असलं तर? वादळानंतर कोरलचं, म्हणजे प्रवाळाचं, नक्की काय होतं, परत येतं का ते? (नाशिक)

खर्चाची काळजी रास्त आहे, तिकडचं तिकीट स्वस्त नाही. पण उत्तर एका वाक्यात देता येणार नाही कारण एकाच बेटाच्या दोन बाजूंना दोन वेगळी चित्रं असतात.

वादळाची लाट उथळ पाण्यात सगळ्यात जास्त नुकसान करते. हरणाच्या शिंगासारखी फांद्या फुटलेली जी कोरलं असतात, एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न, ती काडकाड मोडतात. मेंदूसारखी गोल, दगडासारखी भक्कम कोरलं बऱ्याचदा टिकतात, कधी कधी मुळासकट उलटी होतात. स्पंज फाटतात. वरून मातीचं गढूळ पाणी येतं, गाळ बसतो, कोरलला ऊन मिळत नाही. खोल गेलात किंवा बेटाच्या आडोशाच्या बाजूला गेलात तर तिथे कदाचित वादळ आलं होतं हे कळणारही नाही. मोडलेली प्रत्येक फांदी मेली असंही नाही, तुकडा घट्ट जागी अडकला तर तो तिथेच रुजतो, काही कोरलं तर अशीच पसरतात. आणि ऐकायला विचित्र वाटेल पण वादळ समुद्राचं पाणी ढवळून थंड करतं, त्यामुळे उन्हाळ्यात पांढऱ्या पडायला लागलेल्या कोरलला कधी कधी थोडा आराम मिळतो.

पण खोटी आशा लावायची नाही मला. २००५ मध्ये कॅरिबियनभरच्या रीफचा, म्हणजे प्रवाळखडकांचा, एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात दिसलं की हरिकेन येऊन गेल्यावर वर्षभरात जिवंत कोरल सरासरी १७ टक्क्यांनी कमी होतं आणि पुढची निदान आठ वर्षं ते भरून आल्याचं दिसत नाही. एकट्या वादळामुळे नाही होत हे. जमैकाचं उदाहरण बघा. १९८० मध्ये अ‍ॅलन हरिकेनने तिथली फांद्यांची कोरलं जमीनदोस्त केली, तरी नवीन यायला लागली होती. मग १९८३-८४ मध्ये काळ्या लांब काट्यांचे समुद्री साळिंदर (सी अर्चिन) रोगाने जवळजवळ संपले. हे साळिंदर खडकावरचं शेवाळ खाऊन जागा साफ ठेवायचे. शेवाळ खाणारे मासे आधीच जास्त मासेमारीने कमी झालेले, आता साळिंदरही गेले, मग शेवाळाने सगळा खडक व्यापला आणि कोरलच्या पिल्लांना बसायला जागाच उरली नाही. १९७० च्या दशकात जिथे निम्मा तळ जिवंत कोरलचा होता तिथे १९९३ पर्यंत तीन टक्के उरलं. वादळं आधीही यायची आणि रीफ उठून उभी राहायची, पण आता उठायच्या आत दुसरं काहीतरी येऊन आदळतं, मासेमारी असो, रोग असो, गरम पाणी असो. २०२३-२४ मध्ये जगभरची कोरलं उष्णतेने पांढरी पडली त्यात कॅरिबियन होतंच आणि लगेच बेरिल आलं.

कॅरियाकूत सँडी आयलंड आणि ऑयस्टर बेड असं नाव असलेलं संरक्षित क्षेत्र आहे. त्यातल्या ऑयस्टर बेडला माझ्या मनात वेगळी जागा आहे कारण ते खारफुटीचं वन आहे, कालवं खारफुटीच्या मुळांना लगडलेली असायची, अगदी आपल्या खाडीसारखं. वादळ येणार कळलं की बोटवाले वर्षानुवर्षं याच खारफुटीत घुसून बोटी बांधतात, बेरिलच्या वेळीही तसंच केलं, आणि या वेळी खारफुटीही झोडपली गेली आणि आत बांधलेल्या कितीतरी बोटीही फुटल्या. लहान मासे या मुळांमध्ये वाढतात आणि मग रीफवर जातात, शेवाळ खाणारेही त्यातच आले, म्हणजे रीफ उठायची असेल तर आधी ही खारफुटी उठायला हवी. तुम्ही तिथे गेलात तर एक डाइव्ह कमी करा पण लहान बोटीतून कडेकडेने ही खारफुटी बघून या, आत शिरू नका.

पैसे वसूल होतील का हे मी कसं ठरवू? रंगीत बाग बघायची असेल तर आत्ता दुसरीकडे जा, मनापासून सांगते. रीफ कशी सावरते हे बघायचं असेल, आणि त्यासाठी बेटावरच्या गाइडचं बोलणं ऐकायची तयारी असेल, तर जा. फिन, म्हणजे पायातले पंखे, वर ठेवा, कशालाही हात लावू नका, नुकत्याच रुजलेल्या तुकड्याला तुमचा एक धक्का पुरतो. आणि एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जाताना सामान विसळून जा, कॅरिबियनमध्ये कोरलचा एक वाईट रोग पसरलाय जो २०१४ मध्ये फ्लोरिडात पहिल्यांदा दिसला. आता मीच वर पाणी जपा म्हटलंय, म्हणून सांगते, रोज एकाच साइटवर दोन डाइव्ह करा, म्हणजे विसळणं निम्मं होतं.

प्रश्न : मी मालवणला दोनदा स्कूबा केलंय, एकदम कम्फर्टेबल आहे. कॅरियाकूची सिस्टर्स रॉक्स ही डाइव्ह साइट करता येईल ना? (वसई, वय २१)

नाही रे, आत्ता नाही. मालवणला आपण करतो ते बहुतेक वेळा ट्राय डाइव्ह असतं, म्हणजे इन्स्ट्रक्टर मागून तुझी टाकी धरून असतो, हवा तोच बघतो, वरखाली तोच करतो. छान असतं ते, मीही तिथेच पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतला. पण त्याने सर्टिफिकेट मिळत नाही. आधी ओपन वॉटर कर, तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे तिथे चौकशी कर. त्यात समुद्रातले चार डाइव्ह असतात आणि मग १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्यानंतर वीस-पंचवीस डाइव्ह झाले, प्रवाहात पोहायची सवय झाली की मग सिस्टर्स रॉक्सचं बोलू, तिथला करंट जोरात असतो.

आणि वादळानंतरच्या बेटावर तर अजूनच जपायला लागतं. तळाशी पत्रे, दोर, तुटलेली जाळी असतात, म्हणून छोटी सुरी किंवा लाइन कटर जवळ हवा आणि निघायच्या आधी टिटॅनसचं इंजेक्शन घेतलेलं हवं. रीफजवळचे मूरिंगचे बोये, म्हणजे बोट बांधायचे तरंगते गोळे, वाहून गेलेले असू शकतात, मग बोटवाला नांगर टाकतो आणि नांगर कोरलवर पडतो, अशा वेळी ड्रिफ्ट डाइव्ह, म्हणजे नांगर न टाकता प्रवाहाबरोबर वाहत जायचा डाइव्ह, करू का असं तूच विचारायचं. सगळ्यात महत्त्वाचं, टाकीतली हवा. वीज नसली की जनरेटर चालतो, आणि त्याचा धूर जर टाकी भरणाऱ्या कंप्रेसरच्या हवा ओढायच्या पाइपजवळ गेला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू टाकीत भरला जातो. त्याला वास नसतो पण बरोबर येणाऱ्या धुराला, तेलाला असतो. म्हणून टाकी लावली की तोंडात घ्यायच्या आधी थोडी हवा सोडून वास घे. तेलकट, धुरकट काही वाटलं, तर लाजायचं नाही, टाकी बदलून मागायची. वासच आला नाही म्हणजे हवा चांगली असंही समजू नकोस, कंप्रेसर कुठे आहे आणि जनरेटर कुठे आहे हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये.

प्रश्न : जाताना मदत म्हणून जुने कपडे नेले तर चालतील का? (ठाणे)

नको. निसर्गनंतर श्रीवर्धनच्या शाळेत जुन्या साड्यांचे ढीग पावसात भिजून कुजले होते, ते उचलायला गावातल्याच माणसांना खपावं लागलं. ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांनाच विचारा काय आणू. सोलर दिवे सांगतील, औषधं सांगतील, बोटीच्या इंजिनाचा एखादा पार्ट सांगतील, किंवा काही नको म्हणतील. काही नको म्हणाले तर जास्त दिवस राहा.

प्रश्न : शेवटचा डाइव्ह आणि विमान यात किती वेळ ठेवायचा? आणि अमेरिकेमार्गे जावं का? (बोरिवली)

अनेक डाइव्ह केले असतील तर निदान १८ तास, मी २४ ठेवते. कॅरियाकूहून ग्रेनाडाला विमानाने नाही, फेरीबोटीने या, ते विमान छोटं असलं तरी विमानच असतं. डायव्हिंगचा वेगळा विमा काढा, साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये बऱ्याचदा तो नसतो, आणि जवळचा चालू असलेला डीकंप्रेशन चेंबर (डायव्हिंगनंतर त्रास झाला तर उपचार करायची दाबाची खोली) कुठे आहे हे निघायच्या आधी सेंटरला विचारून लिहून ठेवा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असेल तरी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, त्यामुळे तुमच्याकडे तो आधीच असेल तरच त्या मार्गाचा विचार करा. हरिकेनचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, ते महिने टाळा.

प्रश्न : मावशी, मी आठवीत आहे. वादळ आलं की मासे कुठे जातात? ते मरतात का? (रत्नागिरी)

किती छान विचारलंस. काही मरतात गं, विशेषतः उथळ पाण्यातले छोटे, जे लाटेने किनाऱ्यावर फेकले जातात किंवा गाळाने गुदमरतात. पण काहींना आधीच कळतं. २००१ मध्ये फ्लोरिडातल्या एका उथळ खाडीत शास्त्रज्ञांनी ब्लॅकटिप शार्कच्या पिल्लांच्या अंगावर छोटे ट्रान्समीटर लावले होते, ती पिल्लं कुठे फिरतात ते बघायला. तेवढ्यात गॅब्रिएल नावाचं वादळ यायला लागलं. वादळाआधी हवेचा दाब कमी होतो, तसा तो कमी व्हायला लागल्यावर वादळ पोहोचायच्या आधीच ती सगळी पिल्लं खाडी सोडून खोल पाण्यात निघून गेली. त्यातल्या काहींनी तर याआधी कधी ती खाडी सोडलीही नव्हती. वादळ गेलं आणि काही दिवसांनी ती परत त्याच खाडीत आली.